न्यूज चॅनलवाल्यांनो, बाबांच्या वहीतला फरक अजून लागलेला नाही

समस्त न्यूज चॅनलवाले मंडळी,

नमस्कार. चॅनलचं नाव घालत नाही, कारण एकाचं घातलं तर बाकीचे सुटतील, आणि आमच्या घरात रिमोट एका चॅनलवर दोन मिनिटांच्या वर कधी टिकलाच नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणी काय दाखवलं हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. सगळ्यांनी मिळून वाचा. संपादक, अँकर, खालच्या पट्टीवर मजकूर टाइप करणारे, आणि खास करून तो माणूस ज्याने कोरोनाच्या काळात रोजचा रुग्णांचा आकडा यायच्या आधी वाजणारा तो "ढाण्ण" आवाज निवडला.

आत्ता हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे मागच्या रविवारी माळा आवरायला काढला तेव्हा जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखाली एक लांबट, दोनशे पानी वही सापडली. कव्हरवर बाबांच्या अक्षरात "महासाथ – दैनिक". बाबा चौतीस वर्षं एका ऑफिसात अकाउंट्सला होते, रिटायर झाले तरी हिशेबाशिवाय त्यांचा हात राहत नाही, लाइट बिल आलं तरी आधी स्टूल घेऊन मीटर बघणार, युनिट ताडून घेणार आणि मगच भरणार. लॉकडाऊन लागला आणि दोन दिवसांत त्यांनी ही वही घातली. डावीकडचं पान जगाचं, उजवीकडचं आपलं. पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, कालचे एकूण, आजचे नवे, आजचे एकूण, फरक. जगाच्या पानावर सुरुवातीची शिल्लक ११ मार्च २०२० ची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महासाथ आहे असं सांगितलं त्या दिवसाची: ११४ देश, १,१८,००० च्या वर रुग्ण, ४,२९१ मृत्यू. शेजारी कंसात "ओपनिंग". सवय हो, दुसरं काय.

कालचे एकूण अधिक आजचे नवे बरोबर आजचे एकूण. पहिलीतल्या पोराला येणारी बेरीज. आणि ही बेरीज पहिल्या आठवड्यातच चुकायला लागली.

त्या आधी घरातलं थोडं सांगतो, कारण तुम्ही रोज रिकामे रस्ते आणि ड्रोनचे शॉट दाखवत होतात पण दाराच्या आत काय चाललंय ते कुठल्या कॅमेऱ्यात येत नव्हतं. दोन खोल्या, पाच माणसं. आतल्या खोलीत पोरीची ऑनलाइन शाळा, बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून माझं ऑफिस, कारण दुसऱ्या बाजूला बसलो तर मीटिंगमध्ये वाळत घातलेले कपडे दिसायचे, बायकोचं काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्या, आई मधल्या दारात खुर्ची टाकून बसलेली, म्हणजे तिला दोन्हीकडचं ऐकू यायचं आणि दोन्हीकडचं अर्धवट कळायचं. वार कोणता हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एकदा मी शनिवारी सकाळी दात घासून, शर्ट चढवून लॉगिन करून बसलो आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मीटिंगला मी एकटाच आहे. अशात घड्याळ म्हणून उरलं ते तुमचं संध्याकाळचं बुलेटिन. ते लागलं की दिवस संपला असं समजायचं.

पोरगी तेव्हा सात वर्षांची. तिने एक खेळ काढला होता. बाहुल्या ओळीत मांडायच्या, पुठ्ठ्याच्या खोक्याला खिडकी पाडून तोंड आत घालायचं आणि ओरडायचं, "ढाण्ण! मोठी बातमी! तीन बाहुल्या पॉझिटिव्ह!" आम्ही हसलो. व्हिडिओ काढला, नातेवाइकांना पाठवला. मग एक दिवस ती रात्री झोपेतून उठून आईला विचारायला लागली की आजचा आकडा आला का, आणि त्या दिवसापासून बुलेटिनच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा असं घरात ठरलं. बाबांना चाललं, त्यांना नाहीतरी फक्त आकडेच हवे होते.

तर बेरीज. पहिल्यांदा चुकली तेव्हा बाबांना वाटलं लिहिताना चूक झाली, म्हणून दुसऱ्या चॅनलवर बघितलं तर तिथे तिसराच आकडा. मी सांगितलं की अहो बाबा, कोणी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा घेतं, कोणी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॅशबोर्डवरचा घेतं, तो तर २२ जानेवारी २०२० लाच सुरू झालेला, दोघांची दिवस बंद करायची वेळ वेगळी, माहिती कुठून उचलली ते वेगळं. ते म्हणाले, "मग आकड्याखाली लिहायला काय होतं कुठल्या वेळेचा आणि कोणाकडून घेतलाय ते? आम्ही साधं पेटी कॅश लिहिताना व्हाउचर नंबर टाकायचो."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाहीये. तुम्हाला सुचतंय का?

मग त्यांनी तुमच्यापैकी एकाला मेल लिहिला. मी टाइप करून दिला, मजकूर त्यांचा. "विषय : दि. अमुक रोजीच्या बुलेटिनमधील बेरजेतील तफावतीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये..." अशी सुरुवात आणि शेवटी "आपला विश्वासू". दोन सेकंदांत उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. बाबा खूश झाले, म्हणाले बघ, तत्पर आहेत. ते मशीनने पाठवलेलं उत्तर आहे हे मी त्यांना आठ दिवस सांगितलं नाही.

खरं उत्तर दिलं आमच्या वहिनीने. ती तेव्हा एका टेस्टिंग लॅबमध्ये एन्ट्रीला होती, घरी यायची नाही, तिथेच जवळ राहायची आणि रात्री फोन करायची. बाबांनी एका रात्री तिला स्पीकरवर घेतलं आणि ऑडिटला बसल्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"नमुना घेतल्यापासून आकडा टीव्हीवर यायला किती दिवस?"

"बाबा, ते ठरलेलं नसतं हो. आज स्वॅब घेतला तर तो आमच्याकडे आज रात्री येतो नाहीतर उद्या. मशीनच्या एका प्लेटला ९६ खाचा असतात, त्यातल्या एकदोन कंट्रोलच्या, म्हणजे टेस्ट बरोबर चालली का ते ताडायच्या. प्लेट भरली की लावतो. मग रिपोर्ट, मग पोर्टलवर एन्ट्री, आणि रात्री सर्व्हर डाउन असला की ती सकाळी. कधी फॉर्मवर फोन नंबर नऊच आकडी असतो. कधी एकाच माणसाने दोन ठिकाणी टेस्ट केलेली असते, ते नंतर कळतं, मग एक कमी करायचा."

"म्हणजे आज दाखवतात ते आजचे नव्हेत?"

"आज कळलेले आहेत. आजचे नाहीत."

बाबांनी वही उघडली, "आजचे नवे" या रकान्यावर काट मारली आणि वर लिहिलं "आज नोंदलेले". माझ्या मते या दोन शब्दांत जो फरक आहे तेवढा जरी तुम्ही पडद्यावर दाखवला असतात ना, तरी हे पत्र लिहायची वेळ आली नसती. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस, साधारण पाचसहा. मग माणूस एकदोन दिवस अंगावर काढणार, मग टेस्ट, मग वहिनीची ती प्लेट. म्हणजे आजचा आकडा हा दहाबारा दिवसांपूर्वी लोक कसे वागले त्याचा निकाल. आणि तुम्ही काय करायचात, आज सकाळी कुठेतरी झालेली गर्दी दाखवायचात आणि त्याच्या शेजारी आजचा आकडा लावायचात, की बघा यांच्यामुळे! ज्या गर्दीचा आकडा अजून जन्मालाच यायचा होता तिच्या नावावर जुना आकडा खपवला.

सोमवारचं तर विचारूच नका. सोमवारी आकडा कमी यायचा कारण शनिवार-रविवारी टेस्टही कमी आणि एन्ट्रीही कमी. हे जगभर होत होतं, म्हणून तर शहाणे लोक सात दिवसांची सरासरी बघा म्हणून कंठशोष करत होते. तुमच्याकडे मात्र सोमवारी हिरवी पाटी, "मोठा दिलासा!", आणि बुधवारी लाल पाटी, "पुन्हा उद्रेक!". दर आठवड्याला. न चुकता. आमच्या समोरच्या घरातले काका, त्यांना आधीपासून दम्याचा त्रास, ते ही पाटी बघून आज खाली उतरायचं की नाही ते ठरवायचे, सोमवारी संध्याकाळी मास्क लावून फेरी मारायला निघाले की बाबा जिन्यातच अडवायचे, "अहो, सोमवारचा आकडा म्हणजे रविवारची सुट्टी, त्यावर काय जाताय." काका थांबायचे. पण प्रत्येक जिन्यात असा अकाउंट्सचा माणूस नसतो.

आता मोठे फरक. वहीत लाल पेनाने चौकटी केलेल्या नोंदी आहेत, त्यातल्या काही बाबांनी नंतर पेपरमधनं कात्रणं लावून मिटवल्यात, आणि खरं सांगतो, हा भाग वाचताना मला त्या वेळी कळलं नव्हतं ते कळलं.

१७ एप्रिल २०२०. चीनमधल्या वुहान शहराने आपल्या मृत्यूंच्या आकड्यात एका दिवसात १,२९० ची भर घातली, २,५७९ चे ३,८६९ झाले. ते लोक त्या दिवशी गेले नव्हते. आधीच गेलेले, कोणी घरीच, कोणाची नोंद भरून वाहणाऱ्या हॉस्पिटलकडून राहिलेली. त्याच आठवड्यात, १४ एप्रिलला, न्यूयॉर्क शहराने ३,७०० च्या वर मृत्यू वाढवले, ज्यांची टेस्ट कधी झालीच नव्हती पण लक्षणांवरून याच रोगाने गेले असावेत असे. त्याआधी फेब्रुवारीत हुबेईने, म्हणजे वुहान ज्या प्रांतात आहे त्याने, रुग्ण कोणाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आणि एका दिवसात जवळपास १५ हजार रुग्ण वाढले. बाबांनी शेजारी लिहिलंय, "मागील कालावधीची नोंद." अकाउंट्समध्ये याला प्रायर पीरियड म्हणतात म्हणे आणि ते वेगळ्या ओळीत दाखवायचं असतं, चालू महिन्याच्या खर्चात घुसडायचं नसतं. तुमच्याकडे त्याचं शीर्षक "एका दिवसात मृत्यूंचा स्फोट". हेच पुढच्या वर्षी बिहारने जुने राहिलेले मृत्यू मिळवले तेव्हा झालं, १० जून २०२१ ला देशाचा एका दिवसाचा आकडा ६,१४८ वर गेला आणि तो त्या दिवसाचा नव्हता हे वाक्य ढाण्णनंतर कितव्या मिनिटाला आलं ते तुम्हीच आठवा.

उलटंही झालं. १२ ऑगस्ट २०२० ला ब्रिटनचा मृत्यूंचा आकडा ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. म्हणजे एका दुपारी ५,३७७ माणसं कागदावर जिवंत झाली. कारण असं की तोवर इंग्लंडमध्ये एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस नंतर कधीही, कशानेही गेला तरी याच खात्यात धरत होते, मग ठरलं की टेस्टनंतर २८ दिवसांच्या आत गेला तरच धरायचा. या दिवशी बाबांनी वहीत काहीच भाष्य केलेलं नाही, नुसतं दोनदा अधोरेखित केलंय.

आणि त्यांचा सगळ्यात लाडका फरक ऑक्टोबर २०२० चा. इंग्लंडमध्ये लॅबकडून आलेले निकाल एका जुन्या फॉरमॅटच्या एक्सेल फाइलमध्ये ओतत होते, त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळच जात नाही, पुढचं सगळं गुपचूप गळतं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ रुग्ण असे आकड्यातनं गळाले, त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला तो वेगळाच. बाबा ही बातमी वाचून चक्क टाळी वाजवून हसले. म्हणाले, "मी ९८ साली साहेबांना सांगत होतो, शेवटची ओळ बघितल्याशिवाय फाइल बंद करायची नाही." पुढचे पंधरा दिवस घरात येईल त्या फोनवर ही गोष्ट सांगून झाली. मला वाटतं त्या अख्ख्या वर्षात ते एवढे मनापासून हसलेले मी दुसऱ्यांदा बघितले नाहीत. तर सांगायचं काय, की फरक का पडला हे समजलं की माणूस घाबरत नाही. उलट त्याला बरं वाटतं, की कुठेतरी कोणीतरी चूक पकडतंय.

देशांचा तो तक्ता, पॉइंट्स टेबलसारखा, "अमुक देश दुसऱ्या नंबरवर", तो कोणाच्या डोक्यातनं निघाला? कोट्यवधींचा देश आणि काही हजारांचा देश एका रांगेत. सॅन मारिनो नावाचा इटलीच्या पोटातला छोटा देश आहे, लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास, पहिल्या लाटेत तिथे ४० च्या वर लोक गेले, लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर तेव्हा तो जगात सगळ्यात वाईट फटका बसलेल्यांत होता, तुमच्या तक्त्यात तो कधी दिसलाच नाही. आणि टेस्ट किती केल्या हे तर विचारायचंच नाही. कमी टेस्ट केल्या की कमी रुग्ण, वा! मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं की शंभर टेस्टमागे पाचाहून कमी पॉझिटिव्ह येत असतील आणि ते निदान दोन आठवडे टिकत असेल तर साथ आटोक्यात आहे असं धरा. एवढं सोपं, एका ओळीचं. बाबांनी त्यासाठी सहावा रकाना आखला पण तो बहुतेक रिकामाच आहे, कारण टेस्टचा आकडा तुम्ही द्यायचातच नाही, दिलात तर पट्टीवर, आणि पट्टी इतकी जोरात पळायची की बाबा चष्मा लावेपर्यंत जाहिरात लागलेली असायची.

बरं, चुकांबद्दल. विज्ञान बदलत होतं, नवा रोग होता, हे मला मान्य आहे, त्याचं खापर तुमच्यावर नाही फोडणार. मास्कबद्दल खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला सल्ला बदलला. पण बदललेलं सांगताना तुमचा आवाज का बसतो? आमच्या आईचं उदाहरण घ्या. तुम्ही दाखवलंत की विषाणू प्लास्टिकवर इतके तास, स्टीलवर इतके तास, लाल ठिपके उडतायत असं ॲनिमेशन करून, आणि आई प्रत्येक पाकीट साबणाच्या पाण्याने पुसायला लागली, कागदी असेल तर उन्हात, नोटांना इस्त्री. इस्त्री! एक नोट करपली तेव्हा बाबांनी तीही वहीत लिहिलीय, किरकोळ नुकसान या नावाने. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, रात्री मलम लावून हात पदरात गुंडाळून झोपायची. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की पृष्ठभागाला हात लागून लागण व्हायची शक्यता एका स्पर्शामागे साधारण दहा हजारात एकाहूनही कमी. तोवर हवेतनं पसरण्याबद्दल, खिडक्या उघडण्याबद्दल कितीतरी बोलून झालं होतं. पण आमच्या घरात पाकिटं आणखी कितीतरी महिने धुतली जात होती आणि खिडक्या बंद होत्या, कारण ॲनिमेशन रोज दहा वेळा लागलेलं आणि दुरुस्ती एकदा, पट्टीवर, रात्री साडेअकराला.

औषधाचंही तसंच. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियावरच्या जुन्या औषधाला आधी तुम्ही संजीवनी केलं. मग २२ मे २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, जवळपास ९६ हजार रुग्णांचा म्हणे, की ते औषध घातक आहे, मग तुम्ही त्याला विष केलं. ४ जूनला तो अभ्यासच मागे घेतला गेला कारण मूळ माहिती तपासायला द्यायला ती जमवणारी कंपनी तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलने, म्हणजे औषधांच्या चाचणीने, जिथे खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तपासलेलं, सांगितलं की हॉस्पिटलमधल्या रुग्णांना याचा फायदा दिसत नाही. म्हणजे संजीवनी नाही, आणि ज्या अभ्यासावरून विष म्हटलं तोही खोटा पाया. हे सरळ सांगायला दोन मिनिटं पुरली असती. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र एक मामा संजीवनीवाले आणि एक मावसोबा विषवाले अशा दोन पार्ट्या पडल्या त्या पडल्या. त्याच ट्रायलमधनं १६ जूनला खरी चांगली बातमी आली, डेक्सामेथासोन, जुनंपुराणं स्वस्त स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतंय. ती आमच्या घरात कोणाला आठवतच नाही. बिचाऱ्या औषधाच्या मागे ना भांडण ना कटकारस्थान, त्याला प्राइम टाइम कोण देणार.

आणि आधी आम्हीच दिली, आधी आम्हीच दिली ही जी शर्यत. ७ मार्च २०२० च्या संध्याकाळी इटलीत लोम्बार्डी हा मिलानच्या आसपासचा प्रांत बंद करायच्या आदेशाचा मसुदा फुटला, सही व्हायच्या आधीच बातमी झाली, आणि मिलानच्या स्टेशनवर लोक बॅगा घेऊन दक्षिणेच्या गाड्या पकडायला धावले. ज्यांना जागेवर थांबवायचं तेच निघाले. दोन दिवसांत अख्खा देश बंद करावा लागला. अर्धी बातमी काय करते ते आम्ही छोट्या प्रमाणात आमच्या जिन्यातही बघितलंय, "उद्यापासून सगळं बंद? सूत्रांची माहिती" एवढी पाटी लागली आणि पाच मिनिटांत खाली चपलांचा ढीग नाहीसा. दुकानासमोर इतकी रेटारेटी की सहा फुटांचं अंतर सोडा, सहा इंच नव्हतं. आणि नेमकं काय उघडं, काय बंद, किती वाजेपर्यंत, हे शेवटी आम्हाला कुठनं कळलं? वहिनीच्या लॅबमधल्या ड्रायव्हरने पाठवलेल्या सरकारी आदेशाच्या फोटोवरून. तुमच्याकडे त्या वेळी चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी बोलत होती.

सगळंच वाईट होतं असं म्हणत नाहीये. तुमचे बरेच लोक बाहेर फिरत होते, आजारी पडले, काही गेले, ते विसरलेलो नाही. इटलीत बेर्गामोच्या स्थानिक पेपरने मार्चमध्ये दहा दहा पानं नुसत्या निधनवार्तांची छापली. २४ मे २०२० ला, अमेरिकेचा आकडा एक लाखाला टेकत असताना, न्यूयॉर्क टाइम्सने पहिलं पान फोटोशिवाय काढलं, नुसती नावं आणि प्रत्येकापुढे त्या माणसाबद्दल एक ओळ. मी ते पान बाबांना मोबाइलवर मोठं करून दाखवलं, इंग्रजी त्यांना जमतं, त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ वाचलं आणि मग म्हणाले, "ही खातेवही. आपण नुसता गोषवारा लिहितोय." त्या दिवसापासून उजवीकडच्या पानाच्या मागे त्यांनी आपल्या ओळखीतले गेलेले लिहायला सुरुवात केली. चौदा नावं आहेत. ती इथे लिहीत नाही.

मागणं एवढंच की परत असं काही आलं, आणि येणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही, तर आकड्याखाली लिहा कधीचा, कोणाचा, किती टेस्टमधला. जुनी थकबाकी आली तर वेगळ्या ओळीत दाखवा. चूक ज्या वेळेला, ज्या अक्षरात, ज्या आवाजात सांगितली त्याच वेळेला, त्याच अक्षरात दुरुस्ती सांगा, हवं तर ढाण्ण वाजवा, आमची हरकत नाही. आणि पहिली पाच मिनिटं उद्या सकाळी घराबाहेर पडायचं असेल तर नियम काय एवढंच. मग उरलेली पंचावन्न मिनिटं खुशाल भांडा.

वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली नाही. एके संध्याकाळी बाबा पेन उघडून बसले आणि तुम्ही आकडा दाखवलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजपासून दाखवणार नाही असंही कोणी म्हणालं नाही, दुसरी मोठी बातमी आली होती बहुतेक. दोन वर्षं रोज घरात येणारा माणूस न सांगता यायचा बंद होतो तसं झालं. बाबांनी तारीख लिहून पुढे रेघ ओढली, खाती बंद करताना ओढतात तशी दुहेरी नाही, एकेरीच.

त्यानंतर एकच नोंद आहे, मे २०२२ ची. जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा साधारण १ कोटी ४९ लाख जास्त माणसं गेली. देशांनी मिळून नोंदवलेली होती ५४ लाख. त्या जास्तीच्यांत या रोगाने थेट गेलेले आले आणि हॉस्पिटलं भरल्यामुळे दुसऱ्या दुखण्यांना उपचार न मिळालेलेही आले. बाबांनी पाच रकाने परत आखले, आकडे लिहिले आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने: फरक ९५ लाख.

आता आमच्या छोट्या फरकाचं. पान ३७, उजवीकडचं, तीन आकडी फरक, शेजारी प्रश्नचिन्ह. बाकी सगळे या ना त्या कात्रणाने मिटले, हा नाही मिटत. वहिनीला विचारून झालं, ती म्हणाली त्या दिवशी सर्व्हर डाउन नव्हता. वही सापडल्यापासून बाबा परत ते पान उघडून बसतायत, काल जेवताना सुद्धा शेजारी होती. तुमच्याकडे त्या संध्याकाळचं फुटेज असेल. तारीख मेलने पाठवलीय, विषय तोच ठेवलाय, आणि या वेळी मशीनचं उत्तर आलं तर मी बाबांना दाखवणार नाहीये.